मॅग्नेटारभोवतीची निर्वात पोकळी: गुरुत्वाकर्षण गणितात नेमके कुठे धरायचे?

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "प्रखर चुंबकीय क्षेत्रात निर्वात पोकळी कॅल्साइटच्या स्फटिकासारखी वागते, असे शिकलो. पण इतके प्रखर क्षेत्र फक्त न्यूट्रॉन ताऱ्यांपाशी सापडते आणि तिथे गुरुत्वाकर्षणही भयंकर असते. मग गुरुत्वाकर्षणामुळे पोकळी बदलत नाही का? हायझेनबर्ग आणि ऑयलर यांचे सूत्र सपाट अवकाशासाठी काढलेले आहे. ते तिथे जसेच्या तसे वापरायला हरकत नाही, हे कशावरून?"

प्रश्न रास्त आहे. (मॅग्नेटार म्हणजे अतिप्रखर चुंबकीय क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा.) न्यूट्रॉन ताऱ्यांवरून येणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची, म्हणजे त्याचे विद्युत क्षेत्र कोणत्या दिशेने कंप पावते याची, गणिते मी गेली अनेक वर्षे करत आले आहे, आणि सुरुवातीला हीच शंका मलाही पडली होती. आधी थोडक्यात सांगते. सूत्र जसेच्या तसे वापरा. त्या सूत्रात घालायचे चुंबकीय क्षेत्र मात्र गुरुत्वाकर्षण बदलते, आणि सूत्रातून बाहेर पडलेल्या प्रकाशाचा मार्ग, त्याची ऊर्जा आणि आपल्याला दिसणारा ताऱ्याचा भागही बदलतो. हे का, ते आता सविस्तर पाहू.

पुंजभौतिकीच्या दृष्टीने निर्वात पोकळी रिकामी नसते. तिच्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या आभासी जोड्या क्षणभर उमटतात आणि विरतात. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की या विद्युतभारित जोड्यांना दिशा मिळते. मग त्यातून जाणाऱ्या प्रकाशाला पोकळी एखाद्या माध्यमासारखी भासते. हे गणित १९३६ साली हायझेनबर्ग आणि ऑयलर यांनी मांडले. त्याच वर्षी वाइसकॉफ यांनीही ते वेगळ्या वाटेने केले. प्रकाशाचे विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्राच्या प्रतलात असेल तर अपवर्तनांक एक, त्या प्रतलाला लंब असेल तर दुसरा. दोन ध्रुवीकरणांना दोन अपवर्तनांक, म्हणजेच द्विअपवर्तन. आपल्या दख्खनच्या बेसाल्टातल्या पोकळ्यांमध्ये कॅल्साइटचे खडे मिळतात. तसा पारदर्शक खडा छापील कागदावर ठेवला की प्रत्येक अक्षर दुहेरी दिसते. गुणधर्म तोच, फक्त इथे स्फटिकाच्या जागी पोकळी आहे.

हा परिणाम क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्याची मोजपट्टी म्हणजे तथाकथित क्रांतिक क्षेत्र: सुमारे ४४१ कोटी टेस्ला, म्हणजे ४४ लाख कोटी गॉस. या क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या वर्तुळाकार गतीची पुंज-ऊर्जा त्याच्या स्थिर वस्तुमानाच्या ऊर्जेएवढी, म्हणजे ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, होते. इस्पितळातल्या एमआरआय यंत्रात दीड किंवा तीन टेस्ला असतात, त्यावरून अंतराचा अंदाज घ्या. क्रांतिक क्षेत्रात साध्या सूत्राने पोकळीचे दोन अपवर्तनांक सुमारे १.०००१८ आणि १.०००१० येतात. हवेचा अपवर्तनांक १.०००३ च्या जवळ असतो. म्हणजे तिथली पोकळी प्रकाशाला हवेच्या निम्म्याने "दाट" भासते. हा आकडा पहिल्यांदा हाताने काढला तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

प्रयोगशाळेत हे अजून मोजता आलेले नाही. इटलीतल्या फेरारा इथल्या पीव्हीएलएएस प्रयोगात अडीच टेस्लाचे फिरते चुंबक होते. दोन अतिउत्तम आरशांमधून लेसरचा प्रकाश लाखो वेळा मागेपुढे जाईल अशी मांडणी होती. अडीच टेस्लाला अपेक्षित फरक दशांश चिन्हानंतर २२ शून्ये आणि मग २५ इतका. सुमारे २५ वर्षांच्या कामानंतर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षात मोजमापातली अनिश्चितता अपेक्षित आकड्याच्या सुमारे सातपट उरली होती. या विषयातल्या माणसाला ही प्रचंड कामगिरी वाटते. तरी शेवटचा टप्पा उरलाच. म्हणून आम्ही आकाशाकडे पाहतो.

आता गुरुत्वाकर्षणाकडे येऊ. चुंबकीय क्षेत्र पोकळीला का बदलू शकते? आभासी जोडीतल्या इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचे विद्युतभार विरुद्ध असतात. एकाच क्षेत्रात ते विरुद्ध बाजूंना ओढले जातात, जोडी ताणली जाते, आणि त्या ताणाची चाहूल प्रकाशाला लागते. गुरुत्वाकर्षण असा भेद करत नाही. इलेक्ट्रॉन, पॉझिट्रॉन आणि खुद्द प्रकाशकण, सगळे एकसारखे पडतात. पडत्या उद्वाहकातल्या माणसाला वजन जाणवत नाही, हे समतुल्यतेचे तत्त्व आपण आइन्स्टाइनकडून शिकलो. आभासी जोडी म्हणजे अशीच पडती उद्वाहक-खोली समजा. खोलीच्या आत गुरुत्वाकर्षण उरते ते फक्त भरती-ओहोटीच्या रूपात: खोलीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला ओढ किंचित वेगळी असते, एवढ्यापुरतेच.

ती ओढ किती वेगळी? ते ठरते दोन लांब्यांवरून. आभासी जोडीचा पसारा इलेक्ट्रॉनच्या काँप्टन लांबीएवढा, म्हणजे एका मीटरच्या साधारण अडीच लाख कोटीव्या भागाइतका. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागाशी अवकाशकालाच्या वक्रतेची त्रिज्या सुमारे ३० किलोमीटर. (सूर्याच्या १.४ पट वस्तुमान आणि १२ किलोमीटर त्रिज्या धरून.) या दोहोंच्या गुणोत्तराचा वर्ग घ्या, त्याला विद्युतचुंबकी स्थिरांकाने, म्हणजे १३७ व्या भागाने, गुणा. दशांश चिन्हानंतर पस्तीसच्या आसपास शून्ये येतात, आणि नेमके संख्यात्मक गुणक घातले की ती आणखी वाढतात. शेजारच्या चुंबकीय परिणामाशी ताडून पाहा: तिथे चौथ्याच स्थानावर आकडा होता. फरक दहाच्या बत्तीसपेक्षा जास्त घातांचा.

हे गणित नीट करून दाखवले ते ड्रमंड आणि हॅथरेल यांनी १९८० मध्ये. वक्र अवकाशकालात आभासी जोड्यांमुळे प्रकाशाचा वेग ध्रुवीकरणानुसार किंचित बदलतो, आणि काही दिशांना तो प्रकाशाच्या नेहमीच्या वेगाहून जास्त निघतो, असे त्यांच्या सूत्रातून दिसले. यावरून कार्यकारणभावाचे काय, अशी चर्चा बराच काळ चालली. पुढे हॉलोवूड आणि शोर यांनी दाखवले की सूत्र ज्या निम्न ऊर्जेसाठी आहे त्या मर्यादेपलीकडे जाऊन पूर्ण गणित केले की माहिती प्रकाशापुढे धावत नाही. सैद्धांतिकदृष्ट्या हा फार सुंदर विषय आहे. माझ्या मते तुमच्या वयात तो एकदा तरी पूर्ण वाचावा. पण मॅग्नेटारचे गणित करताना तो बाजूला ठेवा. शिवाय न फिरणाऱ्या गोल ताऱ्यापासून सरळ त्रिज्येच्या दिशेने निघालेल्या किरणावर हा परिणाम शून्यच असतो.

तो दखलपात्र कुठे होईल? जिथे वक्रतेची त्रिज्या काँप्टन लांबीएवढी लहान असेल तिथे. म्हणजे सुमारे २६ हजार कोटी टन वस्तुमानाचे, अणूहूनही बारीक कृष्णविवर. तसे कुणी अजून पाहिलेले नाही. हॉकिंग यांच्या १९७४ च्या सूत्राने त्याचे तापमान ४७ कोटी केल्व्हिनच्या आसपास येते. तिथे पोकळीचा सगळा हिशोबच नव्याने मांडावा लागेल. मॅग्नेटार त्या जगापासून फार दूर आहे.

आणखी एक शंका तुम्ही विचारलेली नाही, पण ती येतेच: चुंबकीय क्षेत्राच्या स्वतःच्या ऊर्जेला वजन असते, मग तिने अवकाशकाल वाकणार नाही का? १०० लाख कोटी गॉस क्षेत्रात साठलेल्या ऊर्जेचे वस्तुमान दर घनसेंटिमीटरला सुमारे ४४० किलो भरते. ऐकायला प्रचंड. पण ताऱ्याच्या आतल्या द्रव्याची घनता दर घनसेंटिमीटरला कोट्यवधी टन असते. तेव्हा हेही सोडून द्या.

म्हणजे गुरुत्वाकर्षण विसरायचे? मुळीच नाही. नेमकी इथेच चूक होते, आणि माझ्याकडूनही ती झाली आहे.

पहिला बदल खुद्द क्षेत्राचा. न्यूट्रॉन तारा फिरतो, त्याचा फिरण्याचा काळ हळूहळू वाढतो, आणि त्या वाढीवरून आपण त्याची चुंबकीय शक्ती काढतो. ही शक्ती दुरून मोजलेली असते, जिथे अवकाश जवळपास सपाट आहे. ती घेऊन पृष्ठभागापर्यंत मागे यायचे तर वक्र अवकाशातून यावे लागते. वक्र अवकाशातल्या द्विध्रुव (साध्या पट्टीचुंबकासारख्या, दोन ध्रुवांच्या) क्षेत्राचे उत्तर गिन्झबर्ग आणि ओझर्नॉय यांनी १९६४ मध्येच दिले आहे. श्वार्झशिल्ड त्रिज्या (जिच्या आत ताऱ्याचे वस्तुमान दाबले तर त्याचे कृष्णविवर होईल ती) भागिले ताऱ्याची त्रिज्या या गुणोत्तराला 'क्ष' म्हणा. ध्रुवापाशी क्षेत्र सपाट अवकाशातल्या उत्तराच्या किती पट होते ते या मालिकेवरून मिळते: १ अधिक ३/४ क्ष, अधिक ३/५ क्ष वर्ग, अधिक ३/६ क्ष घन, आणि याच धाटणीने पुढे. वर धरलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यासाठी क्ष ०.३४४, आणि बेरीज १.३६. पोकळीचा परिणाम क्षेत्राच्या वर्गाने चालतो. १.३६ चा वर्ग १.८५. म्हणजे ध्रुवाजवळ पोकळीचे द्विअपवर्तन सपाट अवकाशातल्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट. प्रत्यक्ष परिणामाच्या त्या पस्तीस शून्यांपुढे हा अप्रत्यक्ष परिणाम बघा.

मी केलेली चूक अशी. प्रकाशकिरण वक्र अवकाशातून वाकवणारी आज्ञावली मी तयार केली होती, पण चुंबकीय क्षेत्र पाठ्यपुस्तकातले सपाटच ठेवले. किरण वाकलेले, क्षेत्ररेषा सरळ. प्रतिमाने निरीक्षणांवर बसवायला घेतली की ताऱ्याचा अक्ष आणि चुंबकीय अक्ष यांच्यातला कोन दर वेळी विचित्र यायचा. कित्येक आठवडे मी ताऱ्याच्या वातावरणाच्या प्रतिमानात दोष शोधत राहिले. शेवटी एका रात्री ध्रुवावरचे क्षेत्र हाताने तपासले, तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून विद्यार्थ्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती हीच: वक्रता आणायची तर सगळीकडे आणा, नाहीतर कुठेच आणू नका. अर्धवट वक्रता सपाट गणितापेक्षाही जास्त फसवते.

दुसरा बदल दिसण्याचा. सपाट अवकाशात गोलाचा निम्मा पृष्ठभाग दिसतो. इथे किरण वाकतात, त्यामुळे ताऱ्याच्या पाठीमागचा भागही डोकावतो. वर धरलेल्या ताऱ्याचा सुमारे ७६ टक्के पृष्ठभाग एकाच वेळी दिसतो. दोन्ही चुंबकीय ध्रुव एकदमच नजरेत असणे ही तिथे साधी गोष्ट आहे. तिसरा बदल ऊर्जेचा: पृष्ठभागावर निघालेला प्रकाशकण आपल्यापर्यंत येताना सुमारे १९ टक्के ऊर्जा गमावतो. ही गुरुत्वीय ताम्रसृती. उपग्रहाने ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला जे मोजले ते पृष्ठभागावर जवळजवळ ५ ला घडलेले असते, आणि वातावरणातले बरेच परिणाम ऊर्जेनुसार झपाट्याने बदलतात. ध्रुवीकरणाची दिशा मात्र किरणाच्या प्रतलाशी केलेला कोन वाटेत सोडत नाही. न फिरणाऱ्या ताऱ्यासाठी हे तंतोतंत खरे आहे, आणि मॅग्नेटार काही सेकंदांना एक फेरी घेणारे, सावकाश फिरणारे तारे असल्याने त्यांनाही पुरते लागू पडते.

आता पोकळी प्रकाशाचे काय करते ते पाहू. ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या क्ष-किरणाची तरंगलांबी ०.३१ नॅनोमीटर. क्रांतिक क्षेत्रात एका मिलिमीटर प्रवासात दोन ध्रुवीकरणांमध्ये जवळजवळ अडीचशे तरंगलांब्यांचा फरक पडतो. एका मिलिमीटरमध्ये! त्यामुळे प्रकाशाला पर्याय उरत नाही. त्याचे ध्रुवीकरण स्थानिक क्षेत्राच्या दिशेला बांधले जाते, आणि क्षेत्र वळेल तसे तेही वळत जाते. बाहेर जाता जाता क्षेत्र क्षीण होते आणि एका अंतरावर ही बांधिलकी सुटते. मॅग्नेटारच्या क्ष-किरणांसाठी ते अंतर शेकडो किलोमीटरचे असते. तिथे सगळ्या किरणांना क्षेत्र जवळपास एकाच दिशेचे दिसते. पृष्ठभागावर वेगवेगळ्या दिशांनी ध्रुवित होऊन निघालेले किरण तोवर एका रांगेत आलेले असतात. पोकळी निष्क्रिय असती तर ७६ टक्के पृष्ठभागावरून आलेली नाना दिशांची ध्रुवीकरणे एकमेकांना खोडून टाकती. गुरुत्वाकर्षण जास्त पृष्ठभाग दाखवून ध्रुवीकरण पुसायला बघते आणि पोकळी ते जपते. हा मुद्दा हेल आणि शाविव्ह यांनी २००० च्या सुमारास ठसठशीतपणे मांडला.

निरीक्षणे काय सांगतात? चिलीतल्या पारानाल इथल्या युरोपीय वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीने आरएक्स जे १८५६.५-३७५४ या सुमारे ४०० प्रकाशवर्षांवरच्या न्यूट्रॉन ताऱ्याचा दृश्य प्रकाश तपासला. हा तारा २५व्या प्रतीपेक्षाही अंधुक. मिन्यानी आणि सहकाऱ्यांना ध्रुवीकरण सुमारे १६ टक्के मिळाले, अनिश्चितता ५ टक्क्यांची. २०१६ मध्ये ही बातमी जगभर "पोकळीचा परिणाम दिसला" म्हणून गाजली. मी तेव्हाही आणि आजही जरा जपूनच बोलते: हा आकडा पोकळी सक्रिय असल्याच्या बाजूने जातो, पण त्याला पक्का पुरावा म्हणवत नाही.

९ डिसेंबर २०२१ रोजी नासा आणि इटालियन अवकाश संस्था यांचा आयएक्सपीई उपग्रह गेला आणि २ ते ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमधले ध्रुवीकरण मोजता येऊ लागले. ४यू ०१४२+६१ हा ८.७ सेकंदांना एक फेरी घेणारा मॅग्नेटार पहिल्यांदा पाहिला गेला. कमी ऊर्जेला ध्रुवीकरण सुमारे १५ टक्के, जास्त ऊर्जेला ३५ टक्के, आणि मध्ये ४ ते ५ च्या दरम्यान ध्रुवीकरणाची दिशा थेट ९० अंशांनी फिरलेली. दुसऱ्या एका मॅग्नेटारचे, १आरएक्सएस जे १७०८४९.०-४००९१० चे, ध्रुवीकरण जास्त ऊर्जेला ८० टक्क्यांपर्यंत गेले. इतके उंच आकडे पाहून मन हरखते. पण ९० अंशांच्या त्या वळणाची एकाहून अधिक स्पष्टीकरणे आहेत. कुणी ताऱ्याचा पृष्ठभाग घट्ट गोठलेला मानतात. कुणी म्हणतात की वातावरणात एका विशिष्ट घनतेला प्लाझ्माचा (विद्युतभारित कणांच्या वायूचा) आणि पोकळीचा परिणाम एकमेकांना छेद देतात, तिथे एक ध्रुवीकरण दुसऱ्यात बदलते. हर्क्युलिस एक्स-१ या द्रव्य ओढणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याने तर सगळ्यांना जमिनीवर आणले: अपेक्षा ६० ते ८० टक्क्यांची होती, मिळाले ९ च्या आत. वातावरणाचे प्रतिमान चुकले की पोकळीविषयी काहीही बोलता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

तारा वेगाने फिरत असेल तर गुरुत्वाकर्षण आणखी एका वाटेने आत शिरते. फिरते वस्तुमान आसपासचा अवकाशकाल सोबत ओढते. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागाशी ही ओढ त्याच्या स्वतःच्या फिरण्याच्या साधारण १० ते १५ टक्के भरते. मुस्लिमोव्ह आणि त्सिगान यांनी १९९२ मध्ये दाखवले की याने ध्रुवांवरचे विद्युत क्षेत्र चांगलेच वाढते. ते क्षेत्र इलेक्ट्रॉनना पळवते, इलेक्ट्रॉन गॅमा किरण सोडतात, आणि प्रखर चुंबकीय क्षेत्रात एकटा गॅमा किरणसुद्धा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या खऱ्या जोडीत बदलतो. आभासी जोड्या इथे प्रत्यक्षात उतरतात. रेडिओ स्पंदांची मुळे या साखळीत आहेत, असे बहुतेक जण मानतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने एक्सटीई जे १८१०-१९७ हा मॅग्नेटार २०१८ च्या अखेरीस रेडिओत पुन्हा जागा झाल्यावर पाहिला आहे. तेव्हा या साखळीच्या दुसऱ्या टोकाचे वेध नारायणगावच्या वाटेवरच घेतले जातात.

तुम्हाला या क्षेत्रात यायचे असेल तर १ जानेवारी २०२४ रोजी गेलेल्या इस्रोच्या एक्स्पोसॅट उपग्रहाकडे लक्ष ठेवा. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने बनवलेले त्यावरचे पोलिक्स उपकरण ८ ते ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये पाहते, म्हणजे आयएक्सपीई जिथे थांबतो तिथून पुढे. द्रव्य ओढणाऱ्या तेजस्वी न्यूट्रॉन ताऱ्यांसाठी हा पट्टा मोलाचा आहे.

पण त्याआधी वही घ्या आणि वरची मालिका स्वतः बेरजेला लावा. वस्तुमान तेच ठेवा, सूर्याच्या १.४ पट, श्वार्झशिल्ड त्रिज्या ४.१३ किलोमीटर. ताऱ्याची त्रिज्या १० किलोमीटर धरली तर १.४७ यायला हवे, १४ धरली तर १.२९. वर्ग केल्यावर २.१५ आणि १.६७. न्यूट्रॉन ताऱ्याच्या आत नेमके काय आहे हे त्याच्या त्रिज्येत दडलेले आहे, आणि ती १० आहे की १४ यावर अजून वाद चालतो. पोकळीचा परिणाम उद्या प्रयोगशाळेत पक्का झाला, तर या दोन आकड्यांमधला फरक ध्रुवीकरणातून वाचता येईल का, यावर मी सध्या काम करते आहे.